झेंडूचे फूल आणि डोळ्याचा पडदा

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मंडईत शिरायचे म्हणजे अंगात बळ हवे. महात्मा फुले मंडईच्या भोवती पथाऱ्यांवर, हातगाड्यांवर, टेम्पोच्या मागच्या फळीवर, जिकडे पाहावे तिकडे झेंडूचे ढीग. पिवळा, केशरी, आणि त्या दोहोंमधला एक. आपण भाव करतो, "मघाशी पलीकडच्या मावशींनी कमी सांगितला हो," असे म्हणतो, आणि अखेर पिशवी भरूनच घरी येतो. दाराला तोरण, स्कूटरला हार, मुलांच्या पुस्तकांवर एकेक फूल, शिलाईच्या मशिनवर एक. या फुलाचा आपल्या डोळ्यांशी काही संबंध असेल, असे आईच्या-आजीच्या कधी मनातही आले नसेल. पण आहे खरा. आज त्याविषयीच लिहायचे आहे, आणि निमित्त आहे कोथरूडच्या एका भगिनीचे पत्र.

त्या लिहितात : "माझ्या सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत. गेल्या दीड महिन्यापासून त्यांना डाव्या डोळ्याने पोथीच्या ओळी नागमोडी दिसतात, मधलेच अक्षर पुसल्यासारखे होते. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशने झालेली आहेत, म्हणून आम्हाला वाटले चष्म्याचा नंबर बदलला असेल. ओळखीच्या एकांनी वनस्पतींच्या अर्काची बाटली दिली आहे. तीत झेंडू, आवळा, केशर आणि आणखी बऱ्याच वनस्पती आहेत. सकाळ-संध्याकाळ पोटात घ्यायचे आणि एकेक थेंब डोळ्यात टाकायचा. तीन महिन्यांत पडदा नवा होतो, असे म्हणतात. चालू ठेवू का? आणि बाटली महाग पडते, तर झेंडूच्या पाकळ्यांचा काढा घरीच करता येईल का?"

हे पत्र अंक निघेपर्यंत ठेवण्यासारखे नव्हते. त्यांना त्याच दिवशी उत्तर कळवले : डोळ्यात थेंब टाकणे आजच बंद करा, आणि तीन महिने नव्हे, तीन दिवसही न थांबता पडद्याच्या डॉक्टरांना दाखवा. बाकीचे इथे सविस्तर लिहिते, कारण अशी बाटली आणखीही कितीतरी घरांत असणार.

मला एवढी घाई का झाली, तेही सांगते. २०१२ साली अशीच एक बाटली आमच्या घरात आली होती, आणि ती मीच आणली होती. माझ्या सासूबाईंना तेव्हा स्वयंपाकघरातल्या फरश्यांची रेघ वाकडी दिसू लागली होती. "अगं, ही फरशी फुगलीय का बघ," असे त्या मला दोनदा म्हणाल्या. मी वाकून हात फिरवून पाहिला. फरशी सपाट होती. म्हटले, वय झाले, चालायचेच. कुणी तरी अर्काचे सांगितले, मी जाऊन बाटली आणली. "अपाय तर काही नाही ना?" एवढेच विचारले. सात महिने त्या नेमाने घेत होत्या. कडू लागायचे, तरी सुनेने आणले आहे म्हणून तक्रार न करता घेत होत्या. मग एका लग्नात उजव्या डोळ्यात काही गेले म्हणून त्यांनी तो पदराने झाकला आणि डाव्याने समोर पाहिले, तर पुढ्यात बसलेल्या सख्ख्या बहिणीचा चेहरा दिसेना. शालूचा काठ दिसत होता, हातातल्या पाटल्या दिसत होत्या, चेहऱ्याच्या जागी नुसता करडा डाग. डॉक्टरांनी तपासून सांगितले की आत पाणी आणि रक्त झिरपून आता तिथे व्रण धरला आहे. सहा महिने आधी आला असतात, तर इंजेक्शनांनी पुष्कळ वाचवता आले असते. सासूबाई मला त्यावरून एका शब्दाने बोलल्या नाहीत. हिशेब मीच अजून करते.

आता पडदा म्हणजे काय, ते आधी नीट पाहू. डोळा ही एक छोटी खोली समजा. पुढे पारदर्शक काचेची खिडकी, तिच्यामागे भिंग, आणि मागच्या भिंतीला आतून चिकटवलेला पातळ कागद म्हणजे पडदा. मोतीबिंदू होतो तो भिंगाला. भिंग काढून दुसरे बसवता येते, म्हणून मोतीबिंदूचे आपल्याला आता काही वाटत नाही. पडदा तसा बदलता येत नाही. तो जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे आपल्या पापडाहूनही पातळ, आणि मेंदूचाच एक भाग डोळ्यात आलेला आहे म्हणा ना. त्या पडद्याच्या मधोमध एक छोटा पिवळसर भाग असतो, त्याला पीतबिंदू म्हणतात. सुईत दोरा ओवणे, तांदळातला खडा टिपणे, पोथी वाचणे, माणसाचा चेहरा ओळखणे, ही सगळी बारीक कामे हा एवढासा पीतबिंदू करतो. बाकीचा पडदा आजूबाजूचे दाखवतो. म्हणून पीतबिंदू गेला तरी माणूस घरात चालू-फिरू शकतो, कुणाला धडकत नाही, आणि घरच्यांना वाटते, यांना तर सगळे दिसते!

पन्नाशीनंतर काहींच्या पीतबिंदूची झीज होऊ लागते. बहुतेकांत ती सावकाश, कोरडी झीज असते; वर्षानुवर्षे चालते. पण काहींत पडद्याखाली नको त्या नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरू लागतात. हा ओला प्रकार. सरळ रेघ वाकडी दिसू लागणे ही त्याची खूण. यात दृष्टी आठवड्या-महिन्यांत जाते. २००५-०६ पर्यंत डॉक्टरांच्या हातातही यावर फारसे काही नव्हते. त्यानंतर मात्र डोळ्याच्या आत देण्याची इंजेक्शने आली, जी त्या कच्च्या वाहिन्यांची वाढ रोखतात. डोळ्यात सुई म्हटले की अंगावर काटा येतो, ठाऊक आहे. पण आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात आणि प्रत्यक्ष टोचणे काही क्षणांचे असते. सुरुवातीला महिन्या-महिन्याने घ्यावी लागतात, पुढे अंतर वाढवतात. व्रण धरण्याआधी मिळाली, तर उपयोग.

आता झेंडूकडे येऊ. पीतबिंदू पिवळा का? तर त्यात दोन पिवळी द्रव्ये साठलेली असतात. त्यांची नावे ल्युटीन आणि झियाझँथिन. ही द्रव्ये प्रकाशातला प्रखर निळा भाग गाळतात आणि पडद्याच्या पेशींचे गंजण्यापासून रक्षण करतात. आपले शरीर ती स्वतः बनवू शकत नाही. वनस्पती बनवतात, आणि आपण खाऊ तेवढीच आपल्याला मिळतात. झेंडूच्या पाकळीला जो रंग आहे, तो मुख्यतः याच ल्युटीनचा. औषधांच्या दुकानात डोळ्यांसाठी म्हणून ज्या ल्युटीनच्या गोळ्या मिळतात, त्यांतले ल्युटीन बहुतेक झेंडूचेच असते. कर्नाटकात त्यासाठी शेतकऱ्यांकडून करारावर झेंडू लावून घेतात. कोंबड्यांच्या खाद्यातही हा झेंडूचा अर्क घालतात, म्हणजे अंड्याचा बलक छान पिवळाधमक होतो. (फूल मूळचे मेक्सिकोचे, आणि तिकडे नोव्हेंबरच्या आरंभी पितरांच्या सणाला याच झेंडूने घरे सजवतात. आपला दसरा आणि त्यांचे पितर एकाच फुलाचे!)

तेव्हा "झेंडूचा डोळ्यांना उपयोग होतो" हे बाटलीवाल्याचे वाक्य खोटे नाही. अडचण पुढच्या वाक्याची आहे. किती उपयोग होतो, कुणाला होतो, आणि कशा रूपात?

अमेरिकेत १९९४ साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. पीतबिंदू झिजलेले आणि न झिजलेले अशा लोकांच्या आहाराची तुलना केली, तेव्हा पालकासारख्या हिरव्या पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत या रोगाचा गंभीर प्रकार बराच कमी आढळला. पण पाहणी ती पाहणी. पालक खाणारे लोक एरवीही तब्येतीला जपणारे असतील, सिगारेट न ओढणारे असतील. म्हणून तिथल्या सरकारी नेत्रसंस्थेने हजारो लोकांवर पाच-पाच वर्षांचे प्रयोग केले. २००१ साली पहिल्या प्रयोगाचा निकाल आला : क आणि ई जीवनसत्त्वे, बीटा-कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांची मोठ्या मात्रेची गोळी घेतल्यावर, ज्यांची झीज मध्यम पायरीवर होती किंवा ज्यांचा एक डोळा गेलेला होता, अशांत रोग पुढच्या गंभीर पायरीवर जाण्याचा धोका सुमारे पाव हिश्शाने कमी झाला. पाव हिस्सा, बरे का. पूर्ण नाही. आणि ज्यांना झीज नव्हती किंवा अगदी आरंभीची होती, त्यांना फायदा दिसला नाही. गेलेली दृष्टी तर कुणाचीच परत आली नाही.

दुसऱ्या प्रयोगाचा निकाल २०१३ साली आला. त्यात चार हजारांवर लोक होते, आणि या वेळी गोळीत १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घालून पाहिले. सगळ्यांची सरासरी काढली, तर पहिल्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. पण बीटा-कॅरोटीन काढून त्याच्या जागी ही दोन द्रव्ये घालणे अधिक सुरक्षित ठरले, कारण सिगारेट ओढणाऱ्यांत आणि पूर्वी ओढलेल्यांत बीटा-कॅरोटीनने फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि एक गोष्ट अशी दिसली, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते : ज्यांच्या रोजच्या जेवणात ही द्रव्ये सर्वांत कमी होती, त्यांना ल्युटीनचा फायदा झाला.

हे वाचले आणि मला आपल्या घरांतली पंगत आठवली. पालेभाजी आपण निवडतो, धुतो, चिरतो, फोडणीला टाकतो. जुडी एवढी मोठी दिसते आणि शिजून वाटीभर होते. ती मुलांच्या डब्यात जाते, यांच्या ताटात जाते, सासऱ्यांना मऊ लागते म्हणून त्यांना दुसऱ्यांदा वाढली जाते. शेवटी आपण बसतो तेव्हा पातेल्याच्या कडेला लागलेली चमचाभर. "मला काय, लोणच्याशी होतं," असे म्हणणाऱ्या बायका मी काही कमी पाहिलेल्या नाहीत. सासूबाई त्यांतल्याच होत्या, आणि मीही होते. गोळीचा फायदा कुणाला झाला म्हणता? जिच्या ताटात भाजी नव्हती तिला.

म्हणून आधी भाजी, मग गोळी. १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे १२ मिलिग्रॅम ल्युटीन-झियाझँथिन असते. म्हणजे प्रयोगातल्या गोळीइतके आणि वर थोडे. पालकच हवा असेही नाही. मेथी, माठ, राजगिरा, चाकवत, अळू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, सगळ्या गडद हिरव्या पाल्यांत ही द्रव्ये असतात. ती आपल्याला पिवळी दिसत नाहीत, कारण हिरव्या रंगाखाली झाकलेली असतात. पिवळ्या मक्याच्या दाण्यात झियाझँथिन असते. अंडे खाणाऱ्यांनी बलक टाकू नये, त्यातले ल्युटीन अंगी चांगले लागते. शेवग्याच्या शेंगा आपण आवडीने आणतो आणि पाला झाडाखाली पडून राहतो. ज्यांच्या सोसायटीत शेवगा आहे त्यांनी कोवळा पाला खुडून, कांदा आणि मूगडाळ घालून परतून पाहावा. अळूच्या फतफत्यात तर पालाही आहे आणि फोडणीही.

फोडणीचे मुद्दाम सांगते. ही दोन्ही द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत, तेला-तुपात विरघळतात. म्हणून वजन कमी करण्याच्या नादात नुसता उकडलेला पालक खाणाऱ्यांपेक्षा, चमचाभर तेलात लसूण घालून परतलेला पालक खाणारीला ती जास्त मिळतात. आपल्या आज्यांनी हे मोजून केले नव्हते. चवीसाठी केले, पण बरोबर केले.

आणि यातच कोथरूडच्या भगिनींच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आले. झेंडूच्या पाकळ्या पाण्यात उकळून काढा केला, तर ल्युटीन पाण्यात उतरणारच नाही. ते चोथ्यात राहील आणि चोथा आपण फेकून देऊ. कारखान्यात पाकळ्या आंबवून, वाळवून, त्यांतला अर्क रसायनाने खेचून काढतात, मग क्षाराची प्रक्रिया करून ल्युटीन मोकळे करतात आणि शुद्ध करतात. ते स्वयंपाकघरातले काम नव्हे. शिवाय मंडईतला झेंडू हारा-तोरणासाठी पिकवलेला असतो, कुणी खाईल या हिशेबाने नव्हे. त्यावर कीडनाशके किती आणि केव्हा मारली, ते विकणाऱ्यालाही माहीत नसते. तेव्हा झेंडू दारालाच शोभतो.

थेंबांचे तर मुळीच करू नका. डोळ्याच्या पुढच्या काचेवर टाकलेला थेंब मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही. बहुतेक अश्रूंबरोबर नाकात उतरतो आणि वाहून जातो. डॉक्टरांचेच औषध थेंबांनी पडद्यापर्यंत नीट पोचत असते, तर इंजेक्शने कशाला टोचली असती? उलट घरी केलेल्या किंवा उघड्यावर भरलेल्या अर्कात जंतू किंवा बुरशी असेल, तर पुढच्या काचेवर फूल पडते. पडदा वाचवायला गेलो आणि खिडकी गमावली, असे व्हायला नको. रात्री त्रिफळा भिजवून सकाळी त्या पाण्याने डोळे धुणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. त्यांनाही माझे हेच सांगणे आहे. चूर्णाचा एक कण फडक्यातून निसटला तरी डोळा खरचटतो.

याचा अर्थ त्रिफळा वाईट असा नाही. हिरडा, बेहडा, आवळकाठी हे त्रिकूट आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, आणि वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त डोळ्यांच्या बळासाठी ते मध-तुपाबरोबर रात्री घ्यायला सांगितले आहे. (मध आणि तूप समभाग घ्यायचे नाही, हेही वैद्यच सांगतात.) पोटाला त्याचा उपयोग होतो, हे तर आपल्या अनुभवातले. पण पडद्याची झीज झालेल्या माणसांवर त्रिफळ्याचे मोठे, मोजूनमापून केलेले प्रयोग झालेले नाहीत. जे झाले ते मुख्यतः प्राण्यांवर, आणि त्यांतलेही मोतीबिंदूवरचे. ज्यांची आयुर्वेदावर श्रद्धा आहे, त्यांनी ते जरूर घ्यावे, पण शिकलेल्या वैद्याकडून. आयुर्वेदात डोळ्यांसाठी शालाक्यतंत्र नावाची स्वतंत्र शाखाच आहे. आपल्या पुण्यात रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय १९३३ पासून उभे आहे. चांगला वैद्यही आधी "पडदा तपासून घेतलात का?" असेच विचारील. जो तपासणी नको म्हणतो आणि बाटलीच पुढे करतो, त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

केशराचे म्हणाल, तर ती गंमत वेगळीच आहे. केशरावर खरोखर प्रयोग झाले आहेत. इटलीत २०१० साली आरंभीची झीज असलेल्या २५ जणांना रोज २० मिलिग्रॅम केशर तीन महिने दिले आणि पडद्याची प्रकाशाला दाद देण्याची शक्ती थोडी सुधारलेली दिसली. पुढे ऑस्ट्रेलियात सिडनीला १०० जणांवर प्रयोग झाला, त्याचा निकाल २०१९ साली आला. तिथेही सुधारणा दिसली, पण किती? अक्षरांच्या तक्त्यावर सरासरी एका अक्षराएवढीसुद्धा नाही. तेव्हा कोजागरीच्या दुधात चार काड्या टाकताना मनाला बरे वाटून घ्या, पण केशरासाठी महिन्याचा वाणसामान-खर्च मोडू नका. त्यातून बाजारात करडईच्या पाकळ्या आणि मक्याच्या कणसाचे रंगवलेले तंतू केशर म्हणून खपतात, ते निराळेच.

गोळ्या घ्यायच्या का? पडदा तपासून डॉक्टरांनी मध्यम पायरीची झीज सांगितली आणि लिहून दिल्या, तर नक्की घ्या. सासूबाईंच्या उजव्या डोळ्यासाठी त्यांना दिल्या होत्या, आणि त्या डोळ्याने त्या शेवटपर्यंत पोथी वाचत होत्या. गोळ्यांमुळे की नशिबाने, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण नुसती जाहिरात पाहून, "डोळ्यांना चांगलं असतं" म्हणून घरातल्या सगळ्यांनी एकेक खायची गरज नाही. बाटलीवर आत ल्युटीन किती आणि झियाझँथिन किती, ते वाचा. आकडा नसेल आणि नुसती वनस्पतींची लांबलचक यादी असेल, तर ठेवून द्या. आणखी एक वाचा. अशा पूरक गोळ्यांवर औषधी उपयोगासाठी नाही, असेही बारीक अक्षरात छापलेले असते. दुकानदार ते वाचून दाखवत नाही.

दोन सावधगिरीच्या सूचना. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफेरिनची गोळी चालू असेल, तर पालेभाजी एकदम वाढवू नका. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचा हिशेब बिघडतो. डॉक्टरांना विचारून रोज साधारण सारखीच खा. आणि मूतखडा होऊन गेलेल्यांनी पालकाऐवजी मेथीकडे वळावे.

ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांच्यासाठी मात्र वरचे सगळे दुय्यम. मधुमेहाने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि आरंभी काहीसुद्धा जाणवत नाही. ना दुखते, ना अंधुक दिसते. चाळिशीनंतरचा मधुमेह कळला, की त्याच वेळी पडदा तपासून घ्यायचा आणि पुढे डॉक्टर सांगतील तसा, बहुधा दर वर्षी. ज्या मुलीला आधीपासून मधुमेह आहे आणि आता दिवस गेले आहेत, तिचा पडदा गरोदरपणात तपासायलाच हवा, कारण त्या काळात तो झपाट्याने बिघडू शकतो. माहेरच्यांनीही हे लक्षात ठेवावे. कारल्याचा रस, मेथीचे दाणे खुशाल घ्या, पण साखरेची आणि रक्तदाबाची गोळी त्यासाठी बंद करू नका. पडदा राखण्यात साखर आणि रक्तदाब ताब्यात असण्याइतके मोठे औषध कुठल्याही पाल्यात नाही. आणि पीतबिंदूच्या झिजेत सिगारेटइतका मोठा टाळता येण्याजोगा शत्रू दुसरा नाही. गॅलरीत उभ्या राहणाऱ्या मंडळींना ही ओळ मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

घरी करायची तपासणी अगदी सोपी आहे. मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीतले एक पान घ्या, मधोमध पेनाने ठसठशीत टिंब काढा आणि ते पान फ्रिजच्या नाहीतर कपाटाच्या दाराला चिकटवा. वाचायचा चष्मा लावून, वाचतो तेवढ्या अंतरावर उभे राहा. एक डोळा तळहाताने झाका, दुसऱ्याने फक्त टिंबाकडे बघा. आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का? कुठे वाकल्या, तुटल्या, पुसल्या आहेत का? मग दुसरा डोळा. एकेक डोळा झाकणे महत्त्वाचे, कारण दोन्ही उघडे असले की चांगला डोळा वाईटाचे काम करतो आणि कळूच देत नाही. आमच्याकडे दर शनिवारी करतात. पन्नाशी उलटलेल्या सगळ्यांनी करावे, सुनेनेही. रेघ वाकडी दिसली, की त्याच आठवड्यात डॉक्टर. मधेच काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकारे दिसू लागले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी.

जायचे कुठे? साध्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढून हे कळत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे "बाहुली मोठी करून पडदा बघा" असे स्पष्ट सांगा. खर्चाची काळजी असेल, तर ससूनचा नेत्रविभाग आहे, आणि महंमदवाडीला पुणे अंधजन मंडळाचे ह. वि. देसाई नेत्ररुग्णालय आहे. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि ती अर्काची बाटलीसुद्धा पिशवीत घालून बरोबर न्या. लपवू नका, डॉक्टर रागावले तर रागावू देत. बरोबर एक माणूस हवेच, कारण बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकले की तीन-चार तास, कधी त्याहूनही जास्त, जवळचे धूसर दिसते आणि उजेड सोसत नाही. स्वतः स्कूटर चालवत येऊ नका, रिक्षाने या, काळा चष्मा न्या. आणि त्या दिवशी सासूबाईंना दुपारी तांदूळ निवडायला बसवू नका.